फिल्टर बदलला तरी व्हॉल्व्हचा रेडिओ पुन्हा घुमतो तेव्हा

घरातला जुना मर्फी, फिलिप्स किंवा बुश माळ्यावरून खाली येतो. कोणीतरी फिल्टर कंडेन्सर (एसीपासून बनलेल्या डीसीतली लहर गुळगुळीत करणारा) बदलून देतो, काही दिवस रेडिओ छान गातो, आणि मग तीच घूं परत सुरू होते. पुन्हा फिल्टर बदलला की पुन्हा थोडे दिवस बरे. व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या दिव्यासारख्या नळ्यांवर चालणारे, सेट दुरुस्त करताना ही तक्रार माझ्या टेबलावर सर्वांत जास्त येते. दर वेळी निदान नव्याने करावेच लागते, पण दोष बहुतेकदा एकाच ठिकाणी सापडतो. फिल्टरच्या मोठ्या ॲल्युमिनियमच्या डब्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते आणि आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या) ग्रिडवर, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या टोकावर, बसलेला बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठा कागदी कंडेन्सर तसाच राहतो. तो गळत असेल, म्हणजे अडवायचे डीसी थोडे पुढे सोडत असेल, तर नवा फिल्टरही त्या सेटला सांभाळू शकत नाही.

लक्षणे

मागचा पुठ्ठा काढण्याआधी पाच मिनिटे नुसते ऐका. घूं कोणत्या प्रकारची आहे यावर पुढचे निम्मे काम ठरते.

आवाजाचे बटण अगदी शून्यावर आणले तरी घूं तेवढीच राहते: दोष पॉवर सप्लायमध्ये किंवा आउटपुट व्हॉल्व्हच्या आसपास.

बटण फिरवले की घूं कमी-जास्त होते: दोष व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधीचा, म्हणजे डिटेक्टर (स्टेशनाच्या लहरीतून आवाज वेगळा काढणारा भाग) किंवा पिकअपच्या (ग्रामोफोन जोडायच्या) वायरिंगकडचा. कंट्रोलच्या अर्थचा सांधा सुटला तरीही असे होते.

दोन स्टेशनांच्या मधे शांतता असते, स्टेशन लागले की त्याच्याबरोबर घूं येते: मेन्सकडचा (घरच्या विजेच्या वायरीकडचा) छोटा कंडेन्सर उघडा पडला आहे, म्हणजे आतून तुटला आहे. इथे फिल्टर कितीही बदला, फरक पडणार नाही.

सुरुवातीला स्वच्छ, आणि पंधरा-वीस मिनिटांनी आवाज फाटू लागतो, घूं वाढते, आउटपुट व्हॉल्व्ह नेहमीपेक्षा जास्त तापतो: हाच तो ग्रिडवरचा गळका कंडेन्सर, म्हणजे कपलिंग कंडेन्सर. वारंवार परत येणाऱ्या दोषाची ही खास खूण.

पट-पट-पट असा ठेक्यात आवाज किंवा शिट्टी: दुसरा फिल्टर किंवा एखादा डीकपलिंग कंडेन्सर (एका भागाचा सिग्नल दुसऱ्यात जाऊ न देणारा) सुकला आहे.

ज्यांचा कान सुरांना तयार आहे त्यांनी आणखी एक गोष्ट ऐकावी. आपली वीज ५० हर्ट्झची. ट्रान्स्फॉर्मर आणि एसीचे डीसी करणारा दुहेरी रेक्टिफायर (ईझेड८०, ५वाय३, ६एक्स५ यांसारखा) असलेल्या सेटमध्ये फिल्टर सुकला तर घूं १०० हर्ट्झची येते. ट्रान्स्फॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटमध्ये ती ५० हर्ट्झची असते. दोन्हींत बरोबर एका सप्तकाचे अंतर आहे. ट्रान्स्फॉर्मरच्या सेटमधून खालच्या सप्तकातली जाड घूं येत असेल तर फिल्टरच्या मागे लागण्याआधी रेक्टिफायरचा अर्धा भाग मेला आहे का, किंवा एखाद्या व्हॉल्व्हचा हीटर (आतली तापणारी तार) कॅथोडला (तिच्याभोवतीच्या नळीला) गळतो आहे का, हे बघावे.

पुठ्ठा काढण्याआधी

प्लग काढलेला असू द्या. रेडिओचे स्विच मात्र चालू स्थितीत ठेवा. मल्टीमीटर ओहमवर ठेवून प्लगच्या प्रत्येक पिनपासून चासीपर्यंत (सगळे भाग बसवलेल्या धातूच्या सांगाड्यापर्यंत) मोजा. एखाद्या पिनकडून चासीपर्यंत थेट किंवा अगदी कमी रेझिस्टन्स दिसला तर चासी मेन्सला जोडलेली आहे. काही शहरांत डीसी वीज होती त्या काळात दोन्हींवर चालणारे एसी-डीसी सेट खूप विकले गेले. त्यांत मोठा ट्रान्स्फॉर्मर नसतो आणि व्हॉल्व्हचे क्रमांक बहुधा ‘यू’ने सुरू होतात: यूसीएच८१, यूसीएल८२, यूवाय८५. प्लग उलटा बसला की अख्खी चासी, बटणांचे आतले स्क्रू आणि स्पीकरची चौकटसुद्धा फेजवर येते. नुसता ट्रान्स्फॉर्मर दिसला म्हणूनही निर्धास्त होऊ नका, कारण काही सेटमध्ये ऑटोट्रान्स्फॉर्मर असतो आणि तो चासीला मेन्सपासून वेगळे करत नाही. म्हणून डोळ्यांवर न जाता मीटरनेच तपासा.

चासी मेन्सला जोडलेली निघाली आणि तुमच्याकडे आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मर (सेटला मेन्सपासून वेगळा ठेवणारा) नसेल, तर सेट चालू ठेवून करायची कुठलीही तपासणी तुम्ही करायची नाही. व्हेरिॲक (व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्स्फॉर्मर) किंवा घरातला स्टॅबिलायझर म्हणजे आयसोलेशन नव्हे. असल्या चासीला बाहेरून अर्थही जोडू नका.

ट्रान्स्फॉर्मरच्या सेटमध्येही फिल्टरवर २५० ते ३०० व्होल्ट डीसी असते आणि प्लग काढल्यावरही ते टिकून राहू शकते. १० किलो-ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी कंडेन्सरच्या दोन टोकांना काही सेकंद लावा आणि मग मीटरने शून्य झाल्याची खात्री करा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करण्याची सवय बाजारात दिसते. ती कंडेन्सरला आणि डोळ्यांना, दोघांनाही वाईट.

एक पैसाही न लागणारी तपासणी

घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, राउटर बंद करून पाहा. रेडिओ दुसऱ्या खोलीत नेऊन पाहा. या रेडिओंच्या काळात असली उपकरणे घरात नव्हती आणि मीडियम वेव्हवर त्यांची खरखर सरळ आत शिरते. हे बंद केल्यावर आवाज गेला तर रेडिओ निर्दोष आहे.

मग मागच्या बाजूची व्होल्टेजची पट्टी बघा. जुन्या सेटला २००, २२०, २४० असे टप्पे असतात. पट्टी २०० वर आणि घरात २४० येत असतील तर आतला प्रत्येक भाग वर्षानुवर्षे जास्त दाबाखाली चालतो. हीटर जास्त तापतात, एच.टी. (व्हॉल्व्हना लागणारे उंच डीसी व्होल्टेज) चढते, कंडेन्सर लवकर जातात. फिल्टर ‘दर वर्षी जातो’ अशा सेटमध्ये हे पहिले बघायचे. पट्टी सर्वांत वरच्या टप्प्यावर लावा. सॉकेटमध्ये व्हॉल्व्ह नीट बसले आहेत ना, हेही प्लग काढून, थंड असताना, एकेक हलवून पाहा.

डोळ्यांनी दिसणारे

फिल्टरच्या डब्याचा तळ फुगलेला, पांढरी पूड आलेली किंवा चिकट ओघळ असेल तर तो गेलाच. कागदी कंडेन्सरच्या टोकांचे मेण वितळून चासीवर थेंब पडलेले असतात, किंवा वरच्या डांबराला भेगा असतात. कागदाचा शत्रू ओलावा. कोकणात, मुंबईत, गोव्यात चार-चार महिने हवेत जे पाणी असते ते या भेगांतून आत जाते. म्हणून किनाऱ्यावरच्या घरातले सेट मला देशावरच्या सेटपेक्षा जास्त गळके आढळतात. वरून चांगला दिसणारा कागदी कंडेन्सर मात्र चांगला असेलच असे नाही. साठ-सत्तर वर्षांच्या कागदी कंडेन्सरवर मी भरवसा ठेवत नाही.

सिरीज बल्ब

रेडिओ प्रथम चालू करताना त्याच्या वायरीत ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये घाला. एलईडी चालणार नाही, कारण इथे गरम होताना वाढणारा तारेचा रेझिस्टन्सच उपयोगाचा आहे. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. प्रखर पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. लगेच बंद करा. ट्रान्स्फॉर्मरच्या सेटमध्ये मग रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून पुन्हा चालू करा. बल्ब मंद झाला तर शॉर्ट एच.टी.च्या बाजूला, बहुधा पहिल्या फिल्टरमध्ये. तरीही प्रखर राहिला तर संशय ट्रान्स्फॉर्मरवर जातो आणि तुमचे काम तिथे थांबते. एसी-डीसी सेटमध्ये सगळे हीटर एका माळेत असतात, एक व्हॉल्व्ह काढला की सगळेच विझतात, म्हणून ही युक्ती तिथे चालत नाही.

ग्रिडवरचा छोटा कंडेन्सर

इथे वेळ द्या. ऑडिओच्या पहिल्या ट्रायोडच्या (आउटपुटच्या आधीच्या व्हॉल्व्हच्या) ॲनोडपासून, म्हणजे प्लेटपासून, आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंत ०.०१ ते ०.०५ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर जातो. त्याचे काम एवढेच की गाणे पुढे जाऊ द्यायचे आणि ॲनोडचे डीसी अडवायचे. ट्रायोडच्या ॲनोडवर १०० व्होल्ट आहेत, ग्रिड ते चासी ४७० किलो-ओहम आहे आणि कंडेन्सरची गळती १० मेगाओहम आहे असे धरा. १० मेगाओहम म्हणजे फार मोठा आकडा वाटतो, पण गणित केले की ग्रिडवर साधारण साडेचार व्होल्ट पॉझिटिव्ह चढतात. ईएल८४ सारख्या व्हॉल्व्हचे बायस, म्हणजे ग्रिड कॅथोडपेक्षा जितकी निगेटिव्ह ठेवतात ते व्होल्टेज, सात व्होल्टच्या आसपास असते. त्यातले हे साडेचार सरळ खातात. कॅथोडचा रेझिस्टर थोडे सावरून घेतो, तरी करंट बराच वाढतो. व्हॉल्व्ह तापतो, आवाज फाटतो, फिल्टरवर जास्त ओढ पडते म्हणून घूं वाढते, रेक्टिफायर झिजतो, आणि शेवटी आउटपुट ट्रान्स्फॉर्मरची केसासारखी बारीक प्रायमरी जळते. काही रुपयांच्या वस्तूपायी सेटमधला सर्वांत दुर्मिळ भाग जातो. त्यातून तपमान वाढले की गळती आणखी वाढते, म्हणून सुरुवातीचा पाव तास सगळे ठीक वाटते.

मल्टीमीटरच्या ओहम रेंजवर ही गळती सहसा दिसत नाही, कारण मीटर अगदी कमी व्होल्टवर मोजतो आणि गळती खऱ्या व्होल्टेजला दिसते. कपॅसिटन्स मोजणारा मीटर तर उलट फसवतो: गळका कागदी कंडेन्सर तिथे अंगावर छापलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा जास्त दाखवतो आणि नवशिक्याला वाटते, अरे, हा तर दणदणीत आहे.

खरी परीक्षा चालू सेटवर. सेट बंद असताना मीटरची काळी क्लिप चासीला अडकवा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. रेडिओ चालू करून वीस मिनिटे तापू द्या. मग एक हात मागे ठेवून, लांब इन्सुलेशनच्या प्रोबने फक्त आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडच्या पिनला स्पर्श करा. कॅथोड बायसच्या (कॅथोडच्या रेझिस्टरवर बायस तयार होते अशा) सेटमध्ये तिथे शून्य हवे. ट्रान्स्फॉर्मरच्या मधल्या टॅपवरच्या रेझिस्टरवर बायस तयार होते अशा सेटमध्ये निगेटिव्ह हवे. अर्धा व्होल्टसुद्धा पॉझिटिव्ह दिसला तरी मी कंडेन्सर बदलतो. बदलण्याआधी दोष कोणाचा ते पक्के करायचे असेल तर सेट बंद करून, डिस्चार्ज करून कंडेन्सरचे एक टोक सोडवा आणि पुन्हा मोजा. पॉझिटिव्ह गेले तर दोष कंडेन्सरचा. राहिले तर व्हॉल्व्हमध्येच गॅस आहे, व्हॉल्व्ह बदला.

नवा घालताना ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन फिल्म कंडेन्सर घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो. ‘पॉइंट झिरो टू टू, सहाशे तीस व्होल्ट’ असे मागितले की पुरते. जुन्या ०.०२ च्या जागी ०.०२२ आणि ०.०५ च्या जागी ०.०४७ चालतो. अंगावर २२३ छापले असेल तर तो ०.०२२, ४७३ म्हणजे ०.०४७, १०४ म्हणजे ०.१.

फिल्टर

ग्रिडची खात्री झाल्यावरच डब्याकडे वळा. सुकलेल्या फिल्टरची साधी परीक्षा अशी: सेट बंद आणि डिस्चार्ज असताना चांगला ४५० व्होल्टचा कंडेन्सर ध्रुव जुळवून जुन्याला समांतर क्लिपने लावा आणि मग चालू करा. घूं नाहीशी झाली तर जुना सुकला आहे. चालू सेटला कंडेन्सर टेकवून बघू नका. आणि परीक्षेपुरताच समांतर लावा. जुना तसाच ठेवून नवा शेजारी जोडण्याची पद्धत बाजारात सर्रास दिसते, पण जुना गळत राहतो, तापतो आणि एक दिवस शॉर्ट होतो. जुन्याच्या वायरी सोडवा; रिकामा डबा शोभेला जागेवर राहू द्या.

जास्त मायक्रोफॅरडचा मोह टाळा. ‘मोठा घातला तर घूं आणखी कमी’ हे पहिल्या फिल्टरला लागू नाही. व्हॉल्व्ह रेक्टिफायरला पहिला कंडेन्सर किती मोठा चालतो याची मर्यादा असते. ईझेड८० आणि ईझेड८१ ला ती ५० मायक्रोफॅरड आहे, जुन्या ५वाय३ ला त्याहून बरीच कमी. ८ किंवा १६ च्या जागी १०० घातला तर चालू होताना रेक्टिफायरमधून जो करंट धावतो तो त्याचा कॅथोड खरवडून काढतो. १६ ला २२, ३२ ला ३३, ५० ला ४७: एवढाच फरक. व्होल्टेज ४५० पेक्षा कमी नको, कारण ५वाय३ सारखा रेक्टिफायर लगेच तापतो आणि बाकीचे व्हॉल्व्ह करंट घेऊ लागेपर्यंत एच.टी. खूप वर चढलेली असते. १०५ अंशांचा घ्या. बंद पेटीत तेवढी उष्णता असतेच.

आणखी एक जागा, जिथे चांगले हातसुद्धा चुकतात. पहिल्या फिल्टरचे निगेटिव्ह चासीला असते हे गृहीत धरू नका. काही सेटमध्ये ट्रान्स्फॉर्मरचा मधला टॅप एका छोट्या रेझिस्टरमधून चासीला जातो आणि त्यावरच आउटपुट व्हॉल्व्हचे बायस तयार होते. अशा वेळी डब्याखाली इन्सुलेशनची चकती असते. नव्या कंडेन्सरचे निगेटिव्ह चासीला जोडले की त्याचा चार्जिंगचा करंट त्या छोट्या रेझिस्टरमधून जातो आणि घूं सरळ बायसमध्ये शिरते. जुने टोक जिथे होते तिथेच नवे जोडा. काम सुरू करण्याआधी मोबाइलने फोटो काढा आणि एका वेळी एकच बदला, प्रत्येक बदलानंतर ऐका.

बाकीचे

आउटपुट व्हॉल्व्हच्या कॅथोडवरचा २५ किंवा ५० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक: सुकला तर आवाज बारीक होतो, शॉर्ट झाला तर बायसच जाते. फिल्टरबरोबर तो बदलाच. स्क्रीनचे (व्हॉल्व्हच्या दुसऱ्या ग्रिडवरचे) आणि एव्हीसीचे (स्टेशन जोरदार असले की आवाज आपोआप आवरणाऱ्या भागाचे) ०.०५ ते ०.१ चे कागदी बदला. एव्हीसीचा गळत असला की लांबचे स्टेशन बरे वाजते आणि जवळचे आकाशवाणी केंद्र फाटते. आउटपुट ट्रान्स्फॉर्मरच्या प्रायमरीवरचा टोनचा छोटा कंडेन्सर किमान १००० व्होल्टचा घ्या, तिथे गाण्याच्या झटक्याने व्होल्टेज फार उसळते.

अभ्रकाचे, सिरॅमिकचे आणि ट्रिमर (ट्यूनिंग जुळवायचे छोटे फिरते कंडेन्सर) यांना हात लावू नका. ते सहसा टिकतात आणि हलवले की डायल बिघडते. १९६० च्या आसपासच्या सेटमधले मोहरीच्या रंगाचे फिल्म कंडेन्सरही बहुतेक वेळा ठणठणीत असतात. ग्रिडवरचा मोजून बघा आणि चांगला असेल तर राहू द्या.

मेन्सवरचे कंडेन्सर वेगळे. फेज आणि न्यूट्रलच्या मधे बसणारा एक्स२ वर्गाचाच हवा. मेन्स आणि चासीच्या मधला, तसेच एसी-डीसी सेटमध्ये एरियलच्या सॉकेटला वेगळे ठेवणारा वाय२ वर्गाचाच हवा. ६३० व्होल्ट डीसीचा साधा फिल्म कंडेन्सर इथे चालत नाही. एक्स२ आणि वाय२ मेन्सवर कायम राहण्यासाठी तपासलेले असतात. वाय२ बिघडताना शॉर्ट न होता उघडा पडावा अशा रीतीने बनवतात, आणि त्या जागी शॉर्ट झाला तर माणसाला शॉक बसतो. स्टेशनाबरोबर येणारी घूं बहुधा इथेच संपते.

कुठे थांबायचे

पुढचे दिसले की प्लग काढा आणि व्हॉल्व्हचे काम येणाऱ्या जुन्या मेकॅनिकला बोलवा. रेक्टिफायर काढूनही ट्रान्स्फॉर्मर तापतो किंवा वार्निश जळल्याचा वास येतो. व्हॉल्व्हची प्लेट लाल होते. नवे कंडेन्सर असूनही सिरीज बल्ब प्रखर राहतो. आउटपुट ट्रान्स्फॉर्मरची प्रायमरी ओहमवर उघडी दाखवते. ती गुंडाळून घ्यावी लागते. आतल्या वायरींचे रबर हात लावताच तुकड्यांनी गळते, कारण मग एकेक वायर बदलायची असते. आतल्या बाजूला राखाडी, मऊ, पुठ्ठ्यासारखी उष्णतारोधक चादर दिसते. ती ॲस्बेस्टॉस असू शकते, ती खरवडू नका. आणि चासी मेन्सवर आहे, आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मर नाही.

मेकॅनिककडे नेताना ‘घूं येते’ एवढेच सांगू नका. बटण शून्यावर असताना येते का, किती वेळाने येते, ग्रिडवर किती व्होल्ट मोजले आणि काय काय बदलले, हे कागदावर लिहून चासीत ठेवा.